बाबांच्या कानाशी लावलेला स्पीकर

बडोद्यात, मांजलपूरच्या आमच्या घरात पाच स्पीकरचा टीव्ही आला तो हौसेने नाही, भांडण मिटवायला आला. भांडण आवाजाचं होतं. बाबांना ऐकू कमी यायला लागलं होतं आणि ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात. म्हणून ते टीव्हीचा आवाज वाढवत, आई कमी करी, ते पुन्हा वाढवत. शेजारचे गृहस्थ कंपाउंडच्या भिंतीवरून मान काढून विचारत, "केम, आजे कोई प्रोग्राम छे?" त्यात चौकशी किती आणि टोमणा किती, हे आम्हाला बरोबर कळत असे.

कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं होतं. बाबांनी डॉक्टरांना "विचार करतो" म्हटलं, आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "प्रॉम्प्टरच्या कानात मशीन दिसलं तर कुठला नट स्टेजवर पाऊल टाकेल?" विषय तिथेच संपला.

बाबा पगारासाठी सरकारी कचेरीत जात. पण कुणी "आपण काय करता?" असं विचारलं तर कचेरीचं नाव ते नंतर घेत. आधी सांगत ते प्रॉम्प्टर असल्याचं. बडोद्यातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळात तीसेक वर्षं त्यांनी ते काम केलं. विंगेत, पडद्याच्या आडोशाला, नाटकाची वही मांडीवर घेऊन बसायचं. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचा आणि प्रेक्षकांच्या कानापर्यंत पोचू द्यायचा नाही. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि मिरवणुकीत पुढे चालत, असं घरात सांगतात. त्यांच्या नातवाने आयुष्य पडद्यामागे बसून काढलं आणि त्याचा त्याला पणजोबांहून जास्त अभिमान होता.

पुढे मंडळाची नाटकं कमी झाली आणि बाबा घरी बसले. कुणी ना कुणी पुण्याहून नाटकांच्या डीव्हीडी आणून देत असे. कपाटाचा एक खण त्यांनी भरला होता. टीव्हीसमोर बसूनही बाबांचं काम चालूच असे. पडद्यावरचा नट बोलायच्या आधी अर्धं वाक्य ते पुटपुटून मोकळे होत. आई म्हणे, "तुम्हीच बोलणार तर टीव्ही कशाला चालू ठेवलाय?"

मी कोयलीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. दाब, तापमान, पातळी दाखवणारी यंत्रं खरं सांगतायत की खोटं, हे तपासणं माझं काम. त्यामुळे घरातली अडचणही मी यंत्रानेच सोडवायची ठरवली. बाबांच्या कानाशी एक स्पीकर असला की त्यांना ऐकू येईल आणि बाकीच्या घराचे कान वाचतील. मशीन कानात नको ना, मग कानाशेजारी असू दे. माझ्या या युक्तीवर मी बेहद्द खूश होतो.

दुकानाचा माणूस आला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, कमी बोलणारा. त्याने टीव्ही भिंतीला लावला, खाली एक आडवा स्पीकर ठेवला, दोन्ही बाजूंना दोन, आणि दोन मागच्या भिंतीवर वर. घुमणाऱ्या आवाजाचा मोठा डबा कोपऱ्यात गेला आणि सगळ्या तारा टीव्हीखालच्या ॲम्प्लिफायरमध्ये. मग रिमोट माझ्या हातात देऊन त्याने दाखवलं की प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, अगदी शून्यावरसुद्धा नेता येतो. जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "साहेब, पाछळना पाछळ ज राखजो. आघापाछा ना करता." मागचे मागेच ठेवा, हलवू नका, असं त्याचं म्हणणं. मी मान हलवली. माझ्यासारख्या माणसाला तारा शिकवतोय, असं मनात आलं. तो "आवजो" म्हणून गेला.

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत आईने मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे खाली आमची चपलांची मांडणी होती. "तिथे कोण बसतं? चपलांना ऐकवायचंय का?"

मी म्हटलं, "आवाज चारही बाजूंनी यावा म्हणून असतं ते."

"घरात माणसं चार, हे पाच. ज्याच्या त्याच्या पानात वाढ की. हा काय पंक्तिभेद?"

आईला पंक्तिभेद खपत नसे. लाडू वाटताना ती आकार बघून वाटी. मोठा लाडू आला तर त्याचा तुकडा मोडून लहान लाडवाला चिकटवी. स्पीकरलाही तिने तोच न्याय लावला, आणि मला तो एकदम पटला, कारण मला तेच करायचं होतं. मागच्या दोन स्पीकरच्या तारा लांबलचक होत्या. एक मी खिडकीजवळच्या बाबांच्या खुर्चीशी आणला आणि लाकडी ब्रॅकेट ठोकून त्यांच्या डाव्या कानाच्या उंचीला बसवला; तोच त्यांचा बरा कान. दुसरा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लावला, म्हणजे आईला कणीक मळता मळता ऐकू यावं. पुढचे दोन मला आणि बायकोला, आम्ही दोघं हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसायचो. आडव्या स्पीकरची तार आखूड होती, तो टीव्हीखालून हलेना. तो सगळ्यांचा मिळून एक, असं ठरलं. बायको म्हणाली, "त्या माणसाने सांगितलंय ने, हलवू नका म्हणून?" मी तिला म्हटलं की दुकानवाले असंच सांगतात.

मग मी तपासणी केली. रिमोटवर एक बटण होतं. ते दाबलं की पाचही स्पीकरमधून पाळीपाळीने नुसती खरखर येई. माझ्याकडे आवाज मोजायचं छोटं मीटर होतं. ते घेऊन मी प्रत्येकाच्या जागेवर बसलो, स्वयंपाकघरात पोळपाटासमोर उभा राहिलो, आणि सगळ्यांना सारखी खरखर पोचेल असं जमवलं. बाबांना आवाजाची दोन घरं जास्त. सगळे आकडे एका वहीत लिहून ठेवले. असली तपासणी प्लांटमध्ये केली असती तर साहेबांनी पाठ थोपटली असती.

त्या संध्याकाळी बाबांच्या आवडीचं नाटक लावलं. पहिला हशा आला तशी बाबांची मान स्पीकरकडे वळली. ते हसले. दुसरा हशा आला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. नटाच्या आधी अर्धं वाक्य, नेहमीसारखं.

मी ओरडून विचारलं, "येतंय ना ऐकू?"

"वा! अगदी विंगेत बसल्यासारखं वाटतंय रे."

हे वाक्य मी पुढे सहा महिने लोकांना सांगत फिरलो. घरात शांतता झाली. शेजारच्यांनी भिंतीवरून मान काढायचं बंद केलं. फक्त आईची एक तक्रार होती. "मेले नुसते हसतातच. बोलतात कधी?" मी सांगितलं की नाटक विनोदी आहे. "आणि परवाचं बापलेकाच्या भांडणाचं? तेव्हाही मला टाळ्याच ऐकू आल्या." मी म्हटलं, प्रयोग रंगला असेल.

आता हे लिहिताना मला माझीच चीड येते. प्लांटमधल्या एखाद्या गेजचा काटा दिवसेंदिवस एकाच जागी दिसला तर आम्ही आधी त्या गेजला टिचकी मारतो, मग त्याच्यावर विश्वास ठेवतो. घरात आई रोज टिचकी मारत होती आणि मी तिला नाटकातलं कळत नाही असं समजत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मंडळाच्या वर्धापनदिनाला जुनं नाटक पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा दिग्दर्शक आमच्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले, वासण्याला राहणारे गृहस्थ. नाटक साधंच, एका विसराळू वडिलांच्या घरातलं. त्यात पूर्वी मुलाचं काम करणारे नट आता सत्तरीला आले होते आणि वडील होणार होते. त्यांची एकच अट होती: विंगेत बाबा बसणार असतील तरच उभा राहीन.

दिग्दर्शक ताकाला येऊन भांडं लपवत बसले. आधी टीव्हीचं कौतुक झालं, मग चहा झाला. टीव्हीवर नाटक चालू होतं आणि बाबा खुर्चीत बसून पुटपुटत होते. शेवटी दिग्दर्शकांनी मला बाहेर ओट्यावर नेलं.

"कानाचं कसं आहे? मी मध्यंतरी काहीतरी ऐकलं होतं. स्पष्ट सांग. प्रयोगात फजिती झाली तर ती आमची नाही, त्यांची होईल. सगळं मराठी बडोदं समोर बसलेलं असतं."

मी म्हटलं, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आत्ता तुमच्या समोरच बघितलंत. एक वाक्य चुकत नाहीत."

"म्हणजे जबाबदारी तुझी?"

"माझी."

ते आत गेले आणि बाबांच्या हातात वही ठेवली. बाबांनी ती उघडली नाही. दोन्ही हातांनी धरून नुसते बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

तालमी दिग्दर्शकांच्या घरी, दुपारी असत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाने वासण्याला जात. पहिला आठवडा ते गाणी गुणगुणत परत आले. दुसऱ्या आठवड्यात गुणगुणणं थांबलं. जेवताना एक-दोनदा म्हणाले, "वय झालं आता सगळ्यांचं." मी ते त्या सत्तरीच्या नटाबद्दल धरलं.

प्रयोगाला आठ दिवस राहिले असताना मी कंबर धरली म्हणून घरी होतो. बाबा तालमीला गेले होते. हिंचक्यावर बसवेना, म्हणून पाठीला आधार असलेल्या बाबांच्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत मी एरवी कधी बसत नसे. वडिलांच्या जागेवर बसायचं नाही, ही आमच्या घरची जुनी रीत. वेळ जावा म्हणून नाटक लावलं आणि डोळे मिटले.

कानाशी लोक हसले. कुणीतरी खोकलं. टाळ्या झाल्या. पुन्हा हसले. नटांचं बोलणं येत होतं, पण ते समोरून, लांबून, टीव्हीखालून. मी मान वळवून कान त्या स्पीकरलाच लावला. हशा, मग काहीच नाही, मग हशा. माणसाचा एक शब्द त्यातून येत नव्हता. मी कंबर विसरून उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारावरच्या स्पीकरखाली जाऊन उभा राहिलो. तिथेही तेच.

आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी कधीची सांगतेय."

पुस्तिका काढून वाचली, जी मी पहिल्या दिवशी वाचायला हवी होती. असलं यंत्र बोलणं तेवढं निवडून टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरला देतं. मागच्या दोघांकडे जातो तो आजूबाजूचा आवाज: हशा, टाळ्या, खोकले. दुकानाच्या माणसाने मला एका वाक्यात हेच सांगितलं होतं. मी खरखर मोजली, कारण खरखर सगळीकडे सारखीच असते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पण मग बाबा गेले सहा महिने पुटपुटत कशावर होते? ते माझ्या लगेच लक्षात आलं. नाटकं त्यांना पाठ होती. कुठल्या वाक्याला लोक हसतात, हेही तीस वर्षं विंगेत बसून पाठ होतं. हशा ऐकायचा, म्हणजे नाटक कुठवर आलं ते कळतं, आणि पुढचं वाक्य म्हणायचं. नटांचं बोलणं ते ऐकतच नव्हते. त्यांच्या आठवणीला मी त्यांचं ऐकणं समजलो होतो, आणि त्या समजुतीवर दिग्दर्शकांना शब्द देऊन बसलो होतो.

बाबा यायच्या आत मी ॲम्प्लिफायरमागे मधल्या स्पीकरच्या आणि बाबांच्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. आता बोलणं बाबांच्या कानाशी येणार होतं आणि हशा टीव्हीखाली. का केलं, ते नीट सांगता येत नाही. त्यांना ऐकू आलं असतं तर माझा शब्द अजून खरा ठरला असता, असं काहीतरी डोक्यात होतं.

बाबा आले, शर्ट काढून खुंटीला लावला, खुर्चीत बसले. मी नाटक लावलं. त्यांच्या कानाशी नट बोलायला लागला, मोठ्याने, स्पष्ट. बाबांचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. एक अख्खा प्रवेश झाला. ते पुटपुटले नाहीत. मग त्यांनी हाताने टीव्ही बंद करायची खूण केली.

"कुणी हात लावला याला?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. माझी चूक झाली, सहा महिने तुम्हाला मी नुसता हशा ऐकवला, हेही सांगितलं.

"मला माहीत आहे की," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या हौसेने ब्रॅकेट ठोकलंस." ब्रॅकेटवर हात ठेवून म्हणाले, "आणि मला ते आवडलं. खूप दिवसांनी प्रेक्षक ऐकले."

मला त्या क्षणी जी लाज वाटली ती अजून वाटते.

मग ते आपण होऊन बोलले. "तालमीत कुणी हसत नाही रे. तिथे मला काही पत्ता लागत नाही. समोर तोंड असलं तर ओठांवरून कळतं. पाठ फिरवली की संपलं. दोनदा मी भलतीकडचं वाक्य दिलं. कुणी बोललं नाही, पण सगळे एकमेकांकडे बघत होते." वही त्यांच्या मांडीवर होती. "सांगून टाकू का त्यांना? आठ दिवस आहेत. दुसरा कुणी बसेल."

मी म्हणालो असतो, हो, सांगा, तर ते दुसऱ्या दिवशी वही परत देऊन आले असते आणि पुन्हा कुठल्याही विंगेत गेले नसते. आणि नको म्हणालो असतो, तर साऱ्या ओळखीच्या लोकांसमोर त्यांचं हसं होण्याचा धोका होता. मी त्यांच्यासमोर येऊन बसलो. मग म्हटलं, "मी तुमच्या शेजारी बसतो. नट अडला की तुमचा गुडघा दाबीन. वाक्य तुम्ही द्यायचं."

"विंगेत दोन माणसं? प्रॉम्प्टर कधी जोडीने बसतो का?"

आई इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "डोळ्यांचं सांगा. वहीवर बॅटरी धरायला मुलगा हवा म्हणावं. डोळे गेले तर कुणी नावं ठेवत नाही."

बाबांना हे पटलं. दिग्दर्शकांना त्यांनी फोनवर मोठ्या आवाजात सांगितलं की आता चष्म्यानेही फावत नाही, मुलगा बॅटरी धरायला बसेल. कान लपवायला त्यांनी चांगले डोळे पणाला लावले. पलीकडून दिग्दर्शक काय म्हणाले ते बाबांना कळलं नसणार, पण ते "हो, हो" म्हणून फोन ठेवून मोकळे झाले.

उरलेल्या दिवसांत मी रजा काढून तालमींना गेलो. गुडघ्याची खूण आम्ही बसवली: एकदा दाबलं तर अडलाय, दोनदा दाबलं तर पान सोडून पुढे गेलाय, आणि वहीवर बोट ठेवून मी जागा दाखवायची. वही मला पाठ नव्हती, पण कान होते. दिग्दर्शकांनी मला एकदा बाजूला घेतलं, माझ्या हातातल्या बॅटरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सेल नवे घाल." त्यांनी ओळखलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

प्रयोग रविवारी सकाळी होता. हॉल भरला. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले होते, विंगेतल्या खुर्चीवर बसले, वही मांडीवर ठेवली, आणि घंटेच्या आधी त्यांनी पडद्याच्या कडेला हात लावून नमस्कार केला. मी शेजारी स्टुलावर. माझा डावा हात त्यांच्या गुडघ्यावर, उजव्या हातात बॅटरी. रिफायनरीतल्या सवयीने मी ती दोनदा लावून-विझवून तपासली.

पहिल्या अंकात ते सत्तरीचे नट तीनदा अडले. तीनदा मी गुडघा दाबला आणि तीनदा बाबांनी शब्द दिला. त्यांचा आवाज कसा जात होता ते देव जाणे. माझ्या कानाशी जेमतेम पोचणारा शब्द नटापर्यंत पोचत होता आणि पहिल्या रांगेला पत्ता नव्हता. स्वतःचा आवाजही ज्याला धड ऐकू येत नाही, त्याने तो तेवढाच कसा ठेवला असेल? एकदा मुलीचं काम करणारी बाई पान सोडून पुढे गेली. मी दोनदा दाबलं, बोटाने जागा दाखवली, बाबांनी तिला तिथूनच पुढे नेलं. लोक हसत होते, आणि प्रत्येक हशाला बाबांची मान थोडी हलत होती. त्यांच्या खऱ्या खुणा त्याच होत्या.

दुसऱ्या अंकात वडिलांचा एक प्रवेश होता. नट अर्धं वाक्य बोलले आणि थांबले. मी गुडघा दाबला. बाबा गप्प. नट तसेच उभे. हॉल चिडीचूप. मी पुन्हा दाबला, जोरात. बाबांनी स्टेजवरची नजर न काढता माझा हात उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं, त्यांना काही समजेनासं झालंय. मी त्यांच्या कानात ओरडायला वाकलो आणि त्यांनी माझ्या तोंडावर पंजा धरला. तेवढ्यात नटाने उरलेलं अर्धं वाक्य टाकलं, आणि असा हशा पिकला की आमच्या विंगेचा पडदा हलला.

बाबा माझ्याकडे वळले. "तिथे थांबायचंच असतं. वाक्य नाही, जागा आहे ती."

"पण ते विसरलेले नाहीत, हे तुम्हाला कसं कळलं?"

"विसरला की तो डावी टाच उचलतो. मुलाचं काम करायचा तेव्हापासून."

मी पाहिलं. विंगेतून नटाची टाच स्वच्छ दिसत होती. मी विचारलं, "मग मी इथे कशाला बसलोय?"

"बाकीच्यांच्या टाचा मला माहीत नाहीत," बाबा म्हणाले, आणि माझा हात उचलून पुन्हा आपल्या गुडघ्यावर ठेवला.

प्रयोग संपल्यावर त्या नटाने बाबांना मिठी मारली. दिग्दर्शकांनी मला विचारलं, "बॅटरी टिकली ना?" बस, तेवढंच.

घरी आलो, जेवलो. दुपारी बाबा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्या तारा पूर्वीसारख्या कर."

मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "अहो, आता कुठे बोलणं ऐकू यायला लागलंय."

"बोलणं मला येतं. मला प्रेक्षक लाव."

मी तारा पुन्हा बदलल्या. नाटक लावलं. बाबांच्या कानाशी लोक हसले आणि त्यांचे ओठ हलायला लागले, नटाच्या आधी अर्धं वाक्य. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सवयीने वाटलं असणार की आता त्यांना गप्प करायला हवं. ती काही बोलायच्या आत मी रिमोट उचलला. पहिल्या दिवशी दुकानाच्या माणसाने दाखवलेलं बटण दाबलं आणि मधला स्पीकर शून्यावर नेला. पुढच्या दोघांचा आवाजही मिटवला. आता फक्त हशा उरला. आई हिंचक्याच्या कडेला बसली.

पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडलं, बाबा बोलले, आणि मग लोक हसले.